प्रश्नकर्त्याचे आसन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत शिवथर येथे दिलेल्या भाषणाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत दूरदर्शन संचावरील एका कार्यक्रमाचा विषय यावा, याचे काहींना आश्चर्य वाटेल. परंतु विषयाचा गाभा मनोरंजनाचा नाही. तो प्रश्न विचारण्याच्या कलेचा आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्या एका माणसाने उतारवयात आपली गेलेली पत परत कशी मिळवली याचा आहे. व्यापारउदीम करणाऱ्या समाजाला पत या शब्दाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

शिवथरच्या खोऱ्याला प्रश्न नवा नाही. वरंध घाटाच्या कुशीतील ज्या घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला अशी परंपरा आहे, त्या ग्रंथाचा आरंभच मुळी श्रोत्यांच्या प्रश्नाने होतो. 20 दशके आणि 200 समास यांचा तो विस्तार गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने पुढे सरकतो. जैन आगमांतही हीच रीत आहे. भगवान महावीरांचे प्रथम गणधर इंद्रभूती गौतम प्रश्न विचारतात आणि भगवान उत्तर देतात. भगवतीसूत्रात असे 36,000 प्रश्न होते, अशी परंपरा सांगते. स्वतः ज्ञानी असूनही गौतमस्वामी विचारीत राहिले, कारण त्यांच्या विचारण्याने ऐकणाऱ्या सर्वांचा संशय फिटत असे. विचारणारा नम्र असला म्हणजे उत्तर सर्वांचे होते. हे सूत्र मनात ठेवले, तर आजच्या विषयातील पुढचा भाग सहज उलगडेल.

भारतात प्रश्नमंजूषेची परंपरा प्रथम रेडिओवर रुजली. मुंबईचे हमीद सायानी यांनी 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' हा शालेय विद्यार्थ्यांचा कार्यक्रम लोकप्रिय केला. 1975 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे धाकटे बंधू अमीन सायानी यांनी ती धुरा सांभाळली. 'बिनाका गीतमाला'मुळे ज्यांचा आवाज घराघरांत ओळखीचा झाला होता, तेच हे अमीन सायानी. 1932 मध्ये मुंबईत जन्मलेल्या या निवेदकाचे फेब्रुवारी 2024 मध्ये निधन झाले. पुढे हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर गेला आणि डेरेक ओब्रायन त्याचे सूत्रधार झाले.

दूरदर्शनवर 1985 मध्ये सिद्धार्थ बसू यांचा 'क्विझ टाइम' सुरू झाला. महाविद्यालयीन संघांची ही चुरस पाहण्यासाठी त्या काळी सुशिक्षित कुटुंबे संचासमोर जमत. बसू यांचे प्रश्न नेमके, उच्चार स्वच्छ आणि शिस्त करडी असे. परंतु हे कार्यक्रम इंग्रजी भाषेचे आणि बऱ्याच अंशी शहरांचे होते. ज्याचे शिक्षण मराठी, हिंदी वा अन्य देशी भाषेतून झाले, तो हे सारे कौतुकाने पाही, पण त्या खुर्चीत आपण कधी बसू असे त्याला वाटत नसे. ही दरी भरून निघाली ती 2000 साली. विशेष म्हणजे ती भरून काढणाऱ्या कार्यक्रमाच्या निर्मितीची जबाबदारी याच सिद्धार्थ बसूंच्या संस्थेकडे होती.

ब्रिटनमध्ये 4 सप्टेंबर 1998 रोजी 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर' हा कार्यक्रम सुरू झाला. ख्रिस टॅरंट हे त्याचे सूत्रसंचालक होते. 15 प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, प्रत्येक पायरीला वाढत जाणारी रक्कम आणि अडचणीत तीन आधार, अशी त्याची सुटसुटीत मांडणी होती. थोड्याच काळात अनेक देशांनी तो आपापल्या भाषेत आणला. भारतात तो आणण्याचे स्टार वाहिनीने ठरविले, तेव्हा पारितोषिक लाखाचे ठेवावे असा आरंभीचा विचार होता. वाहिनीचे तत्कालीन अधिकारी समीर नायर यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, समूहाचे प्रमुख रूपर्ट मरडॉक यांनी ही रक्कम कोटीपर्यंत नेली आणि 'लखपती'चा 'करोडपती' झाला. आता प्रश्न उरला तो आसनावर कोणाला बसवायचे हा. नाव सुचले अमिताभ बच्चन यांचे.

त्या वेळी श्री. बच्चन यांचे वय 57 वर्षांचे होते. 11 ऑक्टोबर 1942 रोजी अलाहाबाद येथे त्यांचा जन्म झाला. वडील हरिवंशराय बच्चन हे हिंदीतील थोर कवी आणि अलाहाबाद विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक. 1969 मध्ये 'सात हिंदुस्तानी'तून अमिताभ पडद्यावर आले. त्याच वर्षी मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम' या चित्रपटात केवळ त्यांचा आवाज वापरला गेला. 1973 च्या 'जंजीर'नंतर त्यांनी जे यश पाहिले ते सर्वज्ञात आहे. 1984 मध्ये ते अलाहाबादहून लोकसभेवर निवडून आले आणि 1987 मध्ये राजीनामा देऊन राजकारणातून बाहेर पडले.

यानंतरचा काळ मात्र कठीण होता. मनोरंजन व्यवसायाला आधुनिक उद्योगाचे रूप द्यावे या हेतूने त्यांनी नव्वदीच्या दशकात अमिताभ बच्चन कॉर्पोरेशन लिमिटेड ही कंपनी काढली. चित्रपटनिर्मिती, वितरण, संगीत, समारंभांचे आयोजन असा तिचा एकदम मोठा पसारा मांडला गेला. 1996 मध्ये बंगळूरला झालेल्या विश्वसुंदरी स्पर्धेचे आयोजन या कंपनीने केले आणि त्यात मोठा तोटा सोसला. काही चित्रपट पडले. भांडवल कमी, खर्च अधिक आणि देखरेख अपुरी, अशी अवस्था झाली. हिशेबाची वही ज्याने एकदा तरी सांभाळली आहे, त्याला हा घसरणीचा मार्ग परिचित आहे. अखेर आजारी उद्योगांसाठी असलेल्या मंडळाच्या दारात कंपनीला जावे लागले.

आपल्यावर सुमारे 90 कोटींचे कर्ज होते, 55 दावे न्यायालयांत होते आणि धनको घराच्या दाराशी येऊन उभे राहत, असे श्री. बच्चन यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितले आहे. कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती असते. तिच्या नादारीआड राहण्याचा मार्ग अशा वेळी अनेकांना जवळचा वाटतो. श्री. बच्चन यांनी मात्र लोकांनी आपल्या नावाकडे पाहून पैसा दिला, तेव्हा तो फेडणे आपले कर्तव्य आहे, अशी भूमिका घेतली. एके सकाळी ते निर्माते यश चोप्रा यांच्या घरी गेले आणि काम मागितले. त्यातून 'मोहब्बतें' मिळाला, जो ऑक्टोबर 2000 मध्ये प्रदर्शित झाला. आणि जवळजवळ त्याच सुमारास दूरचित्रवाणीचे बोलावणे आले.

आज हा निर्णय सोपा भासतो. त्या वेळी तो तसा नव्हता. मोठ्या पडद्यावरील नायकाने छोट्या पडद्यावर जाणे म्हणजे उतरणीला लागणे, अशी चित्रसृष्टीची समजूत होती. घरातूनही शंका व्यक्त झाली. श्री. बच्चन यांनी घाईने होकार दिला नाही. ते लंडनला गेले, मूळ कार्यक्रमाचे चित्रीकरण प्रत्यक्ष पाहिले, तेथील व्यवस्था आणि शिस्त न्याहाळली, आणि भारतातही तीच काटेकोर व्यवस्था मिळणार असेल तर आपण हे करू, असे सांगितले. संकटात असतानाही कामाच्या दर्जाबद्दल अट घालणे, याला धैर्य लागते.

3 जुलै 2000 रोजी रात्री 9 वाजता 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले. आरंभीच्या रचनेत दहा स्पर्धकांमधून चार पर्याय योग्य क्रमाने सर्वांत लवकर लावणारा पुढे येई. पहिला प्रश्न 1,000 रुपयांचा, पाचवा 10,000 चा, दहावा 3,20,000 चा आणि पंधरावा एक कोटीचा. पाचवी आणि दहावी पायरी हे पडाव होते. तेथवर पोहोचलेली रक्कम पुढील उत्तर चुकले तरी जात नसे. दोन पर्याय वगळणे, प्रेक्षकांचे मत घेणे आणि मित्राला दूरध्वनी करणे, या तीन मदती होत्या. मित्राशी बोलायला 30 सेकंद मिळत. प्रश्न आणि पर्याय हिंदीत येत. एवढ्या एका गोष्टीने या देशातील प्राथमिक शिक्षक, कारकून, दुकानदार आणि गृहिणी यांच्यासाठी त्या खुर्चीचे दार उघडले.

महाड-पोलादपूर भागातील असंख्य कुटुंबांचे एक पाऊल मुंबईत असते. वडील वा थोरला भाऊ शहरात, बाकीचे गावी. अशा घरांतून रात्री नऊच्या ठोक्याला दोन्हीकडे तोच प्रश्न विचारला जाई आणि दोन्हीकडे आजीपासून नातवापर्यंत सारे उत्तर देत. ज्याला उत्तर येई त्याचा घरात मान वाढे. अभ्यासाच्या पुस्तकाबाहेरचे वाचन वाया जात नाही, हे पालकांना प्रथमच डोळ्यांनी दिसले.

या यशात आसनावरील व्यक्तीचा वाटा कोणता? प्रश्न काढणारे निराळे, तपासणारे निराळे, यंत्रणा चालविणारे निराळे. सूत्रधाराकडे उरते ते केवळ वागणे आणि बोलणे. श्री. बच्चन यांनी तेवढ्यावरच हा कार्यक्रम उभा केला. समोर आलेल्या माणसाला ते आपल्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे वागवीत. स्त्री स्पर्धक असेल तर खुर्ची धरीत, कोणी भेदरलेला असेल तर पाण्याचा पेला पुढे करीत, वडिलधाऱ्यांना वाकून नमस्कार करीत. स्पर्धक चुकला तर त्याचे अज्ञान त्यांनी हसण्यावारी नेले नाही. ज्याला थोडीच रक्कम मिळाली, त्यालाही ते धनादेश सन्मानाने देत. गाव कोणते, शेती किती, मुले काय शिकतात, ही विचारपूस उत्तराइतकीच मन लावून होई. ब्रिटनमध्ये सूत्रधार स्पर्धकाला कोड्यात टाकून ताण वाढवी. येथे तो ताण हलका करी.

भाषेचेही तसेच. कवीच्या घरात वाढलेल्या या माणसाने प्रमाण, तरीही सर्वांना समजेल अशी हिंदी वापरली. संगणकाला आदरार्थी 'जी' लावून त्यांनी यंत्राला घरातील बुजुर्ग केले. उत्तर निश्चित करण्यापूर्वी दोनदा विचारण्याची त्यांची लकब शाळकरी मुलांच्या खेळापर्यंत पोहोचली. दोनदा विचारण्यात केवळ नाट्य नव्हते. घाईने बोललेला शब्द मागे घेण्याची संधी माणसाला मिळावी, हाही त्यामागील भाव होता.

पहिला कोटीचा मानकरी महाराष्ट्राचा ठरला, याचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. ऑक्टोबर 2000 मध्ये मुंबईचे हर्षवर्धन नवाथे हे 27 वर्षांचे तरुण पंधराव्या प्रश्नापर्यंत पोहोचले. संसद सदस्य नसतानाही संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना कोणाला देते, असा तो प्रश्न होता. भारताचे महान्यायवादी, हे उत्तर त्यांनी दिले. राज्यघटनेच्या 88 व्या कलमात ही तरतूद आहे. श्री. नवाथे त्या वेळी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास करीत होते. तोच अभ्यास येथे कामी आला. मात्र अचानक लाभलेल्या प्रसिद्धीच्या गदारोळात ती परीक्षा मागे पडली. त्यांनी पारितोषिकाचा विनियोग उच्च शिक्षणासाठी केला, व्यवस्थापनशास्त्राचा अभ्यास केला, परदेशात शिकून आले आणि उद्योगक्षेत्रात स्थिरावले. आलेले धन विद्येत गुंतविण्याचा हा विवेक अनुकरणीय आहे.

कार्यक्रमाचा प्रवास अखंड नव्हता. 2005 मध्ये दुसरे पर्व सुरू झाले आणि पारितोषिक दोन कोटींचे झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पोटाच्या गंभीर विकारामुळे श्री. बच्चन यांच्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि ते पर्व अर्धवट थांबले. 2007 च्या पर्वात शाहरुख खान यांनी सूत्रे घेतली. ते स्वतः अतिशय लोकप्रिय अभिनेते, हजरजबाबी आणि चपळ. परंतु प्रेक्षकांच्या मनातील ते आसन दुसऱ्याच्या आवाजाशी जोडले गेले होते. 2010 मध्ये कार्यक्रम सोनी वाहिनीवर गेला, आणि 11 ऑक्टोबर रोजी, आपल्या 68 व्या वाढदिवशी, श्री. बच्चन त्या खुर्चीत परतले. त्या पर्वात झारखंडच्या राहत तस्लीम या एक कोटी जिंकणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.

पुढील काळात या आसनासमोर जी माणसे येऊन बसली, त्यांत महाराष्ट्राच्या दोन भगिनींचे स्मरण येथे उचित होईल. 2019 मध्ये अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे आल्या. शाळेतील मुलांसाठी खिचडी शिजविणे हे त्यांचे काम आणि महिन्याचे मानधन 1,500 रुपये. 1857 च्या उठावाचा आँखोदेखा वृत्तांत 'दास्तान-ए-गदर' या नावाने लिहिणारे बहादूरशहा जफर यांच्या दरबारातील कवी कोण, या प्रश्नाला त्यांनी जहीर देहलवी हे बरोबर उत्तर दिले आणि एक कोटी रुपये मिळविले. इतके होऊनही शाळेतील स्वयंपाकाच्या कामाबद्दल त्या कमीपणाने बोलल्या नाहीत. 2022 मध्ये कोल्हापूरच्या कविता चावला या बारावीपर्यंत शिकलेल्या गृहिणी एक कोटीच्या मानकरी झाल्या. पहिल्या पर्वापासून त्या प्रयत्न करीत होत्या. मुलाचा अभ्यास घेता घेता त्यांनी आपलाही अभ्यास चालू ठेवला. आदल्या वर्षी त्या पहिल्या फेरीपर्यंत येऊन परतल्या होत्या. दोन दशकांहून अधिक काळ टिकलेली ही चिकाटी कोणत्याही विद्यार्थ्याने मनात जपावी अशी आहे.

2018 मध्ये गुवाहाटीच्या शिक्षिका बिनिता जैन यांनीही एक कोटी जिंकले. 2003 मध्ये त्यांच्या पतीचे अतिरेक्यांनी अपहरण केले आणि ते परत आले नाहीत. त्यांनी शिकवण्या घेऊन मुलांना वाढविले. सात कोटींच्या प्रश्नात शेअर बाजाराचे भाव छापणारे पहिले यंत्र 1867 मध्ये कोणी शोधले, असे विचारले गेले. उत्तराची खात्री नसल्याने त्यांनी खेळ थांबविला. मग सहज म्हणून उत्तर विचारले, तेव्हा त्यांनी एडवर्ड कॅलहन हे बरोबर नाव सांगितले. बाहेरून पाहणाऱ्याला सहा कोटी हुकले असे वाटले. पण खात्री नसताना हातचे पणाला लावायचे नाही, हा त्यांचा निर्णय गृहस्थधर्माला धरूनच होता.

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले आहे. मग असा कार्यक्रम द्यूत नव्हे काय? घरातील वडीलधाऱ्यांनी हा प्रश्न 2000 सालीच विचारला होता, आणि तो अनाठायी नव्हता. स्पर्धक आपल्या पदरचे धन लावीत नाही, आणि उत्तर ज्ञानावर अवलंबून असते, म्हणून तो द्यूतापासून निराळा ठरतो. परंतु जिंकलेली रक्कम अंदाजाच्या भरवशावर पुढे लावण्याची क्षणभर जी अनावर इच्छा होते, ती द्यूताचीच सख्खी बहीण आहे. 2007 च्या पर्वात प्रेक्षकांनी मोबाइलवरून लघुसंदेश पाठवून भाग घेण्याची एक जोडस्पर्धा ठेवली होती. संदेशाला नेहमीपेक्षा जास्त आकार लागत असे. त्यातूनच बक्षिसाचा खर्च काढला जातो, असा आक्षेप घेऊन एका ग्राहक संस्थेने तक्रार केली. 2008 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दंड ठोठावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कायद्याचा निकाल काहीही असो, भाग घेणाऱ्याने आपण ज्ञानासाठी खेळतो की लोभासाठी, हे स्वतःला विचारावे, हेच खरे. आयकर कायदाही अशा बक्षिसाला सोडत नाही. सोडत, शब्दकोडी यांच्याप्रमाणेच या रकमेवर सरसकट 30 टक्के दराने कर आणि त्यावर अधिभार व उपकर लागतो. पडद्यावर दिसणारा कोटी घरी जाताना पुष्कळ लहान झालेला असतो.

धनाची दुसरी बाजू बिहारमधील मोतिहारीच्या सुशील कुमार यांनी दाखविली. 2011 मध्ये रोजगार हमी योजनेत संगणकचालक असलेल्या या तरुणाने पाच कोटी जिंकले. काही वर्षांनी त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिले की, तो आपल्या आयुष्यातील सर्वांत वाईट काळ ठरला. दानाच्या नावाखाली अनेकांनी फसविले, व्यसने जडली, घरात कलह झाला, अभ्यास सुटला. नंतर ते सावरले. गावी परतून त्यांनी चंपारण्यात चाफ्याची झाडे लावण्याची मोहीम हाती घेतली आणि अध्यापनाचे काम स्वीकारले. आपण मोठा माणूस होण्यापेक्षा चांगला माणूस होणे महत्त्वाचे, असा त्यांच्या कथनाचा आशय होता. परिग्रहाच्या मर्यादेवर व्याख्याने पुष्कळ होतात. हा एक जिवंत दाखला आहे.

हिंदीतील या यशानंतर देशी भाषांतही ही रचना आली. बंगालीत सौरव गांगुली, तमिळमध्ये सूर्या, मल्याळममध्ये सुरेश गोपी, कन्नडमध्ये पुनीत राजकुमार यांनी सूत्रे सांभाळली. मराठीत 2013 मध्ये ई टीव्ही मराठी वाहिनीवर 'कोण होईल मराठी करोडपती' सुरू झाले आणि त्या आसनावर सचिन खेडेकर बसले. 'बोस : द फरगॉटन हिरो'मधील नेताजी आणि 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय'मधील दिनकर भोसले या भूमिकांमुळे हा अभिनेता मराठी मनात आधीच स्थिर झाला होता. शांत, समंजस आणि स्वच्छ मराठी हे त्यांच्या संचालनाचे विशेष. पुढे स्वप्नील जोशी आले. 2019 मध्ये सोनी मराठी वाहिनीवर 'कोण होणार करोडपती' या नावाने कार्यक्रम आला, तेव्हा 'फँड्री' आणि 'सैराट'चे दिग्दर्शक नागराज मंजुळे सूत्रधार झाले. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरसारख्या गावातून आलेल्या मंजुळे यांच्या बोलण्यात ग्रामीण माणसाशी सहज नाते जुळविण्याची शक्ती होती. 2021 मध्ये श्री. खेडेकर पुन्हा परतले. सूत्रधार बदलले, तरी एक गोष्ट कायम राहिली. मातृभाषेत प्रश्न आल्यावर उत्तर देणाऱ्याचा कणा ताठ होतो, हे मराठी प्रेक्षकांनी पाहिले.

2020 हे वर्ष या आसनाच्याही कसोटीचे होते. जुलैमध्ये श्री. बच्चन यांना करोनाची बाधा झाली आणि मुंबईत त्यांना रुग्णालयात राहावे लागले. बरे झाल्यावर काही आठवड्यांतच वयाच्या 77 व्या वर्षी ते चित्रीकरणासाठी उभे राहिले. त्या पर्वात समोर प्रेक्षकच नव्हते. त्यामुळे प्रेक्षकांचे मत घेण्याची मदतही बदलावी लागली. रिकाम्या सभागृहात एका स्पर्धकाला धीर देत प्रश्न विचारणे, हे कामाशी असलेल्या निष्ठेचे दर्शन होते. डिसेंबर 2021 मध्ये कार्यक्रमाचा हजारावा भाग प्रसारित झाला. मागील वर्षांची दृश्ये दाखविली गेली, तेव्हा त्यांचे डोळे पाणावले. 2025 मध्ये कार्यक्रमाच्या आरंभाला 25 वर्षे पूर्ण झाली आणि त्या वर्षीच्या सतराव्या पर्वालाही तेच सूत्रधार होते.

या कारकिर्दीचा जमाखर्च मांडला तर काय दिसते? एका बाजूला कर्ज, दावे, मानहानी आणि उतारवय. दुसऱ्या बाजूला एक खुर्ची आणि दररोज नव्या माणसासमोर नव्या उत्सुकतेने बसण्याची तयारी. श्री. बच्चन यांनी धनकोंचे पैसे फेडले. दूरदर्शनची बाकीही चुकती केली. ही फेड कोणा एका चमत्काराने झाली नाही. चित्रपट, जाहिराती आणि हा कार्यक्रम यांत दिवसरात्र काम करून ती झाली. ज्याचे व्यवहार एकदा बुडाले, त्याला समाज सहसा दुसरी संधी देत नाही. परंतु देणे मान्य करणारा आणि काम मागायला न लाजणारा माणूस ती संधी स्वतः निर्माण करतो. आज ज्या तरुणांची दुकाने वा उद्योग अडचणीत आहेत, त्यांनी खचून न जाता हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. त्याचप्रमाणे वडीलधाऱ्यांनीही अडचणीत आलेल्या तरुणाला दाराबाहेर उभे न करता त्याला काम द्यावे. यश चोप्रांच्या घरी त्या सकाळी दार उघडले गेले, म्हणून पुढचे सारे घडले.

दुसरा लाभ प्रश्नाच्या संस्कृतीचा. आपल्याकडे मुलाने प्रश्न विचारला की त्याला गप्प बसविण्याची सवय अजून गेलेली नाही. 'कोणाकडे बघून शिकलास हे?' असे उलट विचारून आपण त्याची जिज्ञासा मारतो. पडद्यावरील प्रश्न चार पर्यायांचे असतात. त्यांतून माहिती मिळते, ज्ञान मिळतेच असे नाही. खरे प्रश्न पर्याय घेऊन येत नाहीत. माहितीच्या या दारातून मुलांना आत घेऊन त्यांना पुस्तकापर्यंत, पुस्तकातून विचारापर्यंत आणि विचारातून आचरणापर्यंत नेणे, हे घराचे आणि शाळेचे काम आहे. पाठशाळेच्या रविवारच्या वर्गात दहा मिनिटे केवळ मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवली, तर त्याला फारसा खर्च येणार नाही. गावच्या वाचनालयात एक कोश, एक नकाशासंग्रह आणि राज्यघटनेची मराठी प्रत ठेवली, तर एखादा नवाथे वा एखादी ताडे या खोऱ्यातूनही घडेल. आणि ती व्यक्ती त्या खुर्चीपर्यंत पोहोचली नाही, तरी तिने वाचलेले तिच्याजवळच राहील. त्यावर कर नाही, आणि चुकीच्या उत्तराने ते परतही जात नाही.

50 वर्षे एखादी संस्था चालते, ती विश्वस्तांच्या सचोटीवर आणि समाजाच्या विश्वासावर. पत ही दोघांची मिळून असते. प्रश्नकर्त्याच्या आसनाची ही कथा त्या पतीचीच कथा आहे. विचारणाऱ्याने नम्र असावे, उत्तर देणाऱ्याने प्रामाणिक असावे, घेतलेले ऋण फेडावे आणि मिळालेले धन मर्यादेत वापरावे. एवढे या कारकिर्दीतून घेतले, तरी आजची संध्याकाळ सार्थकी लागेल.